गमावलेला अवयव : झोप

ब्राह्मणपारा, रायपूर
मंगळवार, दुपार

श्री. जावईबापू स्वानंदराव यांस,

रायपूरहून निरंजनचा नमस्कार पोचावा. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की अजून प्रत्येक पायरीला हिशेब मागतो, ते कळवावं. मीराची साखर या खेपेला किती आली, आणि तिनं सकाळचं फिरणं सुरू केलं की तुम्हीच तिला ‘उद्यापासून जाऊ’ म्हणून थांबवता, तेही कळवावं. आम्ही इकडे सगळे मजेत आहोत. सगळे म्हणजे वनमाला मजेत आहे असं ती म्हणते, राधिकाचं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष चालू आहे, आणि मी दिवाणावर आहे. (तुम्ही माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पण मीराच्या लग्नात वडील नव्हते म्हणून भाऊ या नात्यानं तुमचे पाय मी धुतले, तेव्हापासून तुम्हाला अहोजाहो करण्याची माझ्या जिभेला सवय आहे. पुढे पत्रात काही कमीजास्त लिहिलं गेलं तरी अहोजाहो सोडणार नाही, याची खात्री असावी.)

तुम्हाला वाटेल, फोन असताना पत्र काहून? कारणं दोन. एक, तुमचा फोन गेल्या अकरा आठवड्यांपासून नुसता वाजतो. दुसरं, मी फोनवर बोलता बोलता झोपतो. मागच्या महिन्यात गॅसवाल्या ऑफिसातल्या बाईशी सिलिंडरबद्दल बोलत होतो, तर मधेच डोळा लागला. ती बिचारी ‘सर, सर’ करत राहिली. वनमालानं येऊन फोन घेतला तेव्हा तिनं विचारलं, ‘मॅडम, आपके सर ठीक तो हैं?’ एका परक्या बाईनं एवढी चौकशी केली. असो. पत्रात ही सोय आहे की झोप लागली तर पेन थांबतं आणि उठल्यावर वाक्य तिथंच पडलेलं सापडतं. मधे मधे शाईच्या लांब रेघा दिसतील, त्यांचा वेगळा अर्थ लावू नये.

तुम्ही आठ वर्षांपूर्वी मला जी पॉलिसी दिली, तिची ही हकीकत. विकली म्हणत नाही, दिली म्हणतो, कारण जावयानं नवी एजन्सी घेतली तर पहिला कागद सासरच्या माणसानंच घ्यायचा असतो. वनमालानं त्या दिवशी पाटोडीचा रस्सा केला होता. तुम्ही तीन वाट्या रस्सा प्यालात आणि म्हणालात, ‘भाऊ, हात तुटो, पाय तुटो, का असा आजार येवो की ड्युटीच करता येत नाही, काही बी झालं तरी कंपनी पैसा देते. तुमी फक्त सही करा.’ मी सही केली. आठ वर्षं हप्ता भरला. राधिकाला टायफॉइड झाला त्या महिन्यातही भरला. मला काही हात तुटायची घाई नव्हती, पण तुमचा शब्द होता.

आता माझी नोकरी तुम्हाला ठाऊकच आहे, तरी लिहितो, कारण पुढे तुमची कंपनी असं विचारते जणू मला कोणी ओळखतच नाही. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटात एकवीस वर्षं मी कंट्रोल रूममध्ये पॅनल पाहिला. एक आठवडा सकाळची शिफ्ट, एक दुपारची, एक रात्रीची, की पुन्हा सकाळची. पोटाला कळायचं नाही की हे जेवण दुपारचं की रात्रीचं, आणि डोळ्यांना तर काहीच कळायचं नाही. रात्रपाळी करून सकाळी घरी यायचं आणि ब्राह्मणपाऱ्यात झोपायचं! एका बाजूला देवळाचा भोंगा, दुसऱ्या बाजूला शेजारणीचा मिक्सर, खिडकीखाली स्कूटरवाल्यांची किक, आणि अकरा वाजता भंगारवाला, ज्याचा आवाज देवानं बहुतेक रेल्वेसाठी बनवला होता. वनमालानं खिडकीला जाड रजई खिळे ठोकून लावली. राधिका लहानपणी पाऊल टाकायला शिकली तीच टाचा उचलून. दोन वर्षांची पोट्टी, ओठावर बोट ठेवून पाहुण्यांना ‘पापा निन्नी’ सांगायची. तिच्या वर्गातली पोरं बापाबद्दल निबंध लिहायची, तेव्हा हिनं लिहिलं होतं, ‘मेरे पापा को जगाना मना है।’ शिक्षिकेनं त्यावर लाल शाईत ‘सुंदर’ लिहिलं. काय सुंदर दिसलं तिला, देव जाणे.

चार-पाच वर्षांपासून मात्र रजई लावूनही झोप येईना, आणि ड्युटीवर न बोलावता येऊ लागली. मी कोणाला सांगितलं नाही. कंट्रोल रूममध्ये कोण सांगतो? डोळ्यांना पाणी लावायचं, तोंडात लवंग धरायची, उभं राहायचं. मी उभ्या उभ्या झोपायला शिकलो, एवढीच प्रगती झाली.

मग मागच्या ऑगस्टात ते झालं. भट्टीच्या तोंडाशी माल अडकला की पॅनलवर लाल दिवा लागतो आणि हूटर वाजतो. बटण दाबून हूटर बंद करायचा आणि खाली उभ्या माणसांना वायरलेसवर ‘दूर व्हा’ सांगायचं, एवढं माझं काम. त्या पहाटे हूटर तीनदा वाजला आणि तीनदा माझ्याच हातानं बंद केला. कागदावर तशी नोंद आहे, वेळेसकट. मला त्यातलं एकही आठवत नाही. हात जागा होता, जावईबापू, मी नव्हतो. वायरलेस उचललाच गेला नाही. खाली दयाराम होता. अभनपूरकडचा ठेकेदारीतला माणूस, माझ्याबरोबर नऊ वर्षं काम केलेला. गरम भुकटी उसळली आणि त्याचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला.

चौकशीत साहेबांनी दयारामला विचारलं, ऑपरेटर झोपला होता का? पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून तो म्हणाला, ‘नहीं साहब, जागत रिहिस.’ जागा होता म्हणे. साहेबांनी पुन्हा विचारलं, पक्कं? तर म्हणाला, ‘हव.’ हो म्हणे. माझ्यासाठी खोटं बोलला तो. मला ते ऐकवलं नाही. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की साहेब, मी झोपलो होतो. (त्या वेळी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. पुढे वाचा.) प्लांटनं मला डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरनं लिहिलं की पाळ्यांच्या कामामुळे झोपेचा आजार कायमचा जडला आहे, रात्रपाळी नको, गाडी चालवणं नको, मशीन नको. प्लांट म्हणालं, दिवसाची जागा रिकामी नाही. झालं. एकवीस वर्षांचा हिशेब एका पाकिटात घातला आणि गेटवर माझा बिल्ला काढून घेतला. सिक्युरिटीवाला रडवेला झाला होता, पण बिल्ला त्यानं मोजून घेतला.

तेव्हा तुमचा शब्द आठवला. तुमच्या कंपनीच्या पंडरीच्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म दिला. त्यात रकाना होता : ‘गमावलेला अवयव.’ मी पेन धरून विचार करत बसलो. हात आहे, पाय आहेत, डोळेही आहेत, तेच तर मिटतात. शेवटी लिहिलं : झोप. बाईंनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाल्या, ‘भैया, नींद अवयव नहीं होती.’ मी म्हटलं, गमावली तर आहे. त्यांनी माझ्या हातून फॉर्म घेतला, ‘झोप’ खोडली आणि ‘लागू नहीं’ लिहिलं. दीड महिन्यानं कंपनीचं पत्र आलं की आपण कोणताही अवयव गमावलेला दिसत नाही, तरी आजाराचा पुरावा जोडावा.

पुरावा जोडायला गेलो. झोपेची तपासणी असते, तुम्हाला माहीत असेल (नसेल, विकणाऱ्याला कशाला माहीत असणार). डोक्याला, छातीला, पायाला बावीस वायरी चिकटवल्या आणि तो पोट्टा तंत्रज्ञ म्हणाला, दस बज गए, सो जाइए. एकवीस वर्षं कोणी मला दहाला झोपवलं नव्हतं. बावीस वायरी लावून मी छताकडे पाहत राहिलो आणि तंत्रज्ञ शेजारच्या खुर्चीत सकाळी सहापर्यंत घोरला. रिपोर्ट आला : रुग्ण झोपला नाही, तपासणी अपूर्ण. (तंत्रज्ञाची झोप मात्र पूर्ण झाली.) मग दुसरी तपासणी दिवसा. दोन-दोन तासांनी पाचदा झोपायला सांगतात आणि किती वेळात झोप लागते ते मोजतात. मी पाचही वेळा दोन मिनिटांच्या आत गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निरोगी माणसाला एवढ्या लवकर लागत नाही, हाच आजार. मी खूश. आयुष्यात प्रथमच झोपण्याबद्दल कोणी पास केलं. तो रिपोर्ट तुमच्या कंपनीच्या डॉक्टरकडे गेला आणि त्यांनी शेरा मारला : ‘झोप लवकर व विनासायास लागते. तक्रार आढळत नाही.’

त्यानंतर कंपनीनं तपास करायला माणूस धाडला. पराग नाव. न कळवता दुपारी दोनला आला. आधी पाऱ्यात शेजारीपाजारी चौकशी केली. आमच्या पाऱ्याचं मन मोठं, सगळ्यांनी मला मदत व्हावी म्हणून सांगितलं की निरंजन भैया दिवसभर झोपून असतात हो, फार बिमार आहेत. मग तो घरात आला. मी दिवाणावर तोंड उघडं टाकून पडलो होतो. त्यानं तीन फोटो काढले. रिपोर्टात लिहिलं : ‘दावेदार गाढ झोपेत आढळला.’ म्हणजे झोप न येण्याची तक्रार खोटी. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला तेव्हा वनमाला शिकली होती. तिनं मला गदागदा हलवून, दोन वेळा काळा चहा पाजून बसवलं. रिपोर्ट : ‘दावेदार पूर्ण जागा व संभाषणक्षम आढळला.’ म्हणजे जागं न राहण्याची तक्रारही खोटी. मी त्याला विचारलं, परागभैया, मी तुम्हाला कसा सापडायला पाहिजे ते तरी सांगून ठेवा. तो हसला नाही. म्हणाला, ‘भैया, मैं तो जो दिखता है वही लिखता हूँ. एक दिन में चौदह घर करने पड़ते हैं.’ आणि एवढं बोलून त्यानं जी जांभई दिली, जावईबापू, तशी जांभई मी फक्त पहाटेच्या पॅनलवर पाहिली आहे. वनमाला त्याच्यासाठी पोहे करायला आत गेली. ती प्लेट घेऊन बाहेर आली तर तो माझ्या दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला मान टाकून झोपलेला. तिनं पंखा वाढवला आणि त्याच्या हातातलं पेन काढून ठेवलं. अर्ध्या तासानं दचकून उठला, थंड पोहे उभ्यानं खाल्ले आणि दारातून म्हणाला, ‘दीदी, किसी को बोलना मत.’ आम्ही बोललो नाही. त्याचा फोटोही काढला नाही.

शेवटी तीन डॉक्टरांचं बोर्ड. सकाळी नऊची वेळ. राधिका कॉलेज बुडवून माझ्याबरोबर आली, कारण मला एकट्यानं ऑटोत बसू देत नाहीत. मागे एकदा मी अभनपूरच्या बसमध्ये झोपून अभनपूरला उतरलो होतो, जायचं होतं पंडरीला. बोर्डाच्या बाकावर आम्ही बसलो. दहा वाजले, अकरा वाजले. चपराशी म्हणाला, अजून तीन कागदांची झेरॉक्स पाहिजे. राधिका झेरॉक्स आणायला गेली आणि तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी बाकावरच होतो. बारा पावलांवर. चपराश्यानं तीनदा नाव घेतलं म्हणे, आणि मी नाही उठलो. राधिका परत आली तेव्हा रजिस्टरात माझ्या नावापुढे ‘अनुपस्थित’ लिहिलं होतं, आणि मी त्या रजिस्टराच्या समोर घोरत होतो. ती पोरगी, जी लहानपणापासून घरात हळू बोलते, ती तिथं इतक्या मोठ्यानं ओरडली की मीसुद्धा जागा झालो. ‘आपके सामने सो रहे हैं! यही तो बीमारी है! इससे बड़ा सबूत क्या चाहिए आपको?’ क्लार्क शांतपणे म्हणाला, ‘बेटा, सबूत अंदर आकर देना पड़ता है.’ घरी येताना ती ऑटोत ओढणीनं डोळे पुसत होती. मी म्हटलं, काहून रडून राहिली? म्हणाली, ‘कुछ नहीं पापा, आप सो जाओ.’

तीन महिन्यांपूर्वी कंपनीचं शेवटचं पत्र आलं. दावा नामंजूर. इतक्या वायरी लावल्या, इतके फोटो काढले, पण कारण त्यातलं एकही नाही, वेगळंच आहे. ते खाली लिहितो, कारण इथं कागद संपत आला आणि वनमाला म्हणते की ज्या माणसाला सत्कारानं जेवू घातलं त्याला एवढं लिहू नये. ती हल्ली पंडरीच्या दुकानातून साड्या आणून फॉल लावते. दयाराम दर रविवारी येतो, गावाकडची भाजी घेऊन. त्याची कातडी आता गुलाबी आणि ताणलेली आहे, मूठ पूर्ण मिटत नाही. त्याला ना पॉलिसी, ना पेन्शन, बारा दिवसांची मजुरी भेटली. अजून त्याच भट्टीखाली उभा राहतो. मला म्हणतो, ‘भैया, तोर पइसा मिलही.’ मिळतील म्हणे. दावा नामंजूर झाल्याचं मी त्याला अजून सांगितलं नाही.

मीरास आशीर्वाद, तुमच्या गुडघ्यास जपावं, घरातल्या सगळ्यांना आमच्याकडून जे ज्याला शोभेल ते सांगावं.

तुमचा,
निरंजन

ता.क. मूळ काम लिहायचं राहिलंच. नामंजुरीचं कारण असं की आठ वर्षांपूर्वीच्या फॉर्ममध्ये चौदावा प्रश्न होता : ‘अर्जदार रात्रपाळीत किंवा फिरत्या पाळीत काम करतो काय?’ त्यापुढे लिहिलं आहे : ‘नाही. जनरल ड्युटी, नऊ ते सहा.’ कंपनीनं प्रत पाठवली आहे. अक्षर तुमचं आहे. मीराच्या राखीच्या पाकिटावर दरवर्षी पत्ता तुम्हीच लिहिता, तेच अक्षर. एकवीस वर्षांत मी नऊ ते सहा ड्युटी एक दिवस केली नाही. तर आता वरच्या तक्रार कार्यालयात मी अर्ज करतो आहे, त्याला तुमचं एक निवेदन पाहिजे की फॉर्म तुम्ही भरला आणि अर्जदारानं तो न वाचता सही केली. दोन ओळी पुरतील. मला कळतं की त्या दोन ओळींनी तुमची एजन्सी जाऊ शकते. तुम्हालाही कळलं असणार, म्हणून तर फोन नुसता वाजतो. तरी मागतो. तुम्ही एजन्सी गमावाल, मी झोप गमावली, आणि त्यातलं एकही तुमच्या फॉर्मात भरता येत नाही.

ता.क. २. वरचं लिहून झोपलो, आता उठलो. संध्याकाळ झाली आहे. तक्रारीच्या अर्जात मी लिहिलं आहे की त्या दिवशी मी रात्रपाळी करून आलो होतो, डोळे उघडत नव्हते, तुम्ही काय लिहिलं ते पाहिलं नाही. राधिकानं तो अर्ज छान टाइप करून आणला. पण ते खरं नाही, स्वानंदराव. मी जागा होतो. तुम्ही चौदाव्या प्रश्नाशी थांबलात आणि हळूच विचारलं, ‘भाऊ, शिफ्ट लिहिली तर हप्ता वाढते. जनरल लिहू काय?’ आणि मी म्हटलं, ‘लिहा.’ वनमाला आत होती, कोणी ऐकलं नाही. दयाराम माझ्यासाठी खोटं बोलला तेव्हा मी ताठ उभा राहून खरं सांगितलं, आणि आता स्वतःसाठी खोटं टाइप करून घेऊन बसलो आहे. अर्ज अजून टाकलेला नाही. निवेदन द्यायचं तर हे सगळं लिहून द्या, मी नाही म्हणणार नाही. मग दावा जाईल, ते मला समजतं. माझ्याच्यानं दोन्ही होत नाही, मागणंही आणि

ता.क. ३. जावईबापू, नमस्कार. मी वनमाला लिहून राहिली. हे वरची ओळ अर्धी टाकून झोपले, उठवलं नाही. पाकीट बंद करायले घेतलं तर वाचून झालं. यांनी लिहिलं की कोणी ऐकलं नाही. मी त्या दिवशी रस्सा वाढायले येऊन राहिली होती, दाराशीच उभी होती. तुमचं बी ऐकलं, यांचं बी. मनात म्हटलं, हप्ता कमी पडते तर बरंच आहे, राधिकाच्या फीले होईल, आणि तशीच परत आत गेली. म्हणून यांच्या एकट्याच्या नावानं काही लिहू नका, तुमच्या एकट्याच्या बी नका. लिहायचंच असेल तर तिघांची नावं लिहा. राधिकानं टाइप केलेला कागद मी फाडून टाकला, तिले मी सांगीन. दावा गेल्याचं दयारामले रविवारी हे सांगतील. आणि मीराले काय सांगावं म्हणून तुम्ही विचार करत बसू नका, मी आत्ताच तिले फोन करून सगळं सांगितलं.